घणची दाढ

१

वखारीचा मालक सकाळी भुशाच्या ढिगावर उताणा सापडला. रक्त पिऊन त्याच्या मानेखालचा भुसा विटेसारखा घट्ट झाला होता. मानेत चार भोकं होती. गोल नव्हेत, सुरीनं पडतात तशी चपटीही नव्हेत. चारही भोकं तीन कोनांची.

प्रेत पहिल्यांदा पाहिलं ते करवतींना धार लावणाऱ्या म्हाताऱ्यानं. तो ओरडला नाही. आरायंत्र बंद आहे ना, एवढं त्यानं आधी पाहिलं आणि मग ओंडक्यावर बसला. करवतीचे दात ज्या कानशीनं घासतात ती कानस तीनधारी असते, आणि तसल्या कानशींची पेटी त्याचीच होती. त्यातल्या एका कानशीच्या बारीक खाचांत रक्त सापडलं. कुणीतरी पुसली होती, पण खाचांत शिरलेलं असं फडक्यानं थोडंच निघतं? पेटी मात्र दिवसरात्र उघडी असायची. कुणीही हात घालावा आणि कानस उचलावी.

दुपारच्या आत फौजदारानं माणूस पकडला. वखारीतला सगळ्यांत दांडगा कामगार. दोघांना न हलणारा ओंडका हा एकटा फिरवायचा, म्हणून त्याला सगळे ‘घण’ म्हणत. खरं नाव त्याच्या बायकोलाही सवयीनं आठवेनासं झालं होतं. यानंच काही महिन्यांपूर्वी साऱ्या वखारीदेखत मालकाचा गळा आवळला होता. खुनाच्या सकाळी तो सार्वजनिक नळाखाली तोंड धरून बसलेला सापडला आणि सदऱ्याची छाती रक्तानं भिजलेली होती. आणखी काय हवं?

तिसऱ्या दिवशी फौजदार त्याला बेड्या घालून डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात घेऊन आला.

डॉक्टरबाईंनी गावातल्या निम्म्या लोकांचे दुधाचे दात पाडले होते. त्यांत फौजदारही होता. सातव्या वर्षी त्यानं बाईंच्या बोटाला कडकडून चावा घेतला होता आणि वर आपणच भोकाड पसरलं होतं. सगळं गाव त्याला साहेब म्हणे. बाई मात्र ‘अरे’ म्हणत.

“बाई, एक दाढ काढायची आहे,” तो दारातूनच म्हणाला.

“तुझी असेल तर धरायला आणखी चार माणसं आण.”

“याची हो. जरा लवकर उरका. दाढ निघाली की हा कबुली देणार आहे.”

“कसली कबुली?”

“मालकाला मारल्याची. स्वतःच म्हणालाय, आधी दाढ काढा, मग सही करतो.”

बाईंनी घणकडे पाहिलं. एवढा आडदांड माणूस, पण उजवा गाल तळहातात धरून लहान मुलासारखा पुढेमागे झुलत होता. डोळे तारवटलेले. ओठ फुटलेले.

“तू मारलंस त्यांना?”

“नाही.”

“मग सही कशाची करतोस?”

“बाई, तुम्ही दाढ काढा,” तो दातांवर दात न टेकवता बोलला. “मग मालकाला मारलं म्हणा, माझ्या बापाला मारलं म्हणा, सगळं कबूल. फाशी देतील. देऊ देत. तेवढं एकदाच दुखेल.”

बाईंनी हात धुतले, पुसले आणि चष्मा लावला.

“दुखणं कुठून येतंय ते सापडल्याशिवाय मी या खुर्चीत कुणाची दाढ काढत नाही.”

“आता यात शोधायचं काय?” फौजदार वैतागला. “दुखतेय ती काढायची.”

“तुझंही काम असंच चालतं वाटतं. जिथं ठणकलं तिथं चिमटा लावायचा. बैस तिकडे आणि कशाला हात लावू नकोस.”

२

घणनं जबडा उघडला. वर उजवीकडे, मागच्या बाजूला, दोन दाढांच्या जागी नुसती हिरडी होती. तिसरीकडे त्यानं बोट दाखवलं.

“या दोन कुणी काढल्या?”

“बाजारात बसतो तो दातवाला. पहिली काढली, दुखणं तसंच. म्हणाला, शेजारची असेल. तीही काढली. तरी तसंच. आता ही तिसरी ठणकते.”

“आणि सदऱ्यावरचं रक्त?”

“माझंच. त्या पहाटे राहवेना, म्हणून दगड घेतला आणि तोंडावर मारला. दाढ पडेल म्हटलं. ओठ फुटला, दाढ तिथंच.”

फौजदार हसला. बाई हसल्या नाहीत. आरशाच्या दांडीनं त्यांनी एकेक दात हळू ठोकून पाहिला. तिसरी दाढ ठोकली तेव्हा घणनं डोळे मिटले, पण शेजारच्या दातालाही तेवढेच मिटले. मग बर्फाचा तुकडा लावला. दाढेला गार लागलं आणि क्षणात निवलं. कीड नाही, भेग नाही, दाढ हलत नव्हती. चांगली खणखणीत होती.

“आता सुई टोचते. ही एकच दाढ बधिर करते. खरी चोर हीच असेल तर कळ थांबेल.”

थोड्या वेळानं त्यांनी दाढेवर टकटक केलं. “कळतंय काही?”

“काहीच नाही. लाकूड झालंय तिचं.”

“आणि दुखणं?”

घणच्या डोळ्यांतून पाणी आलं. “आहे की. तसंच आहे.”

“ऐकलंस?” बाई फौजदाराला म्हणाल्या. “दाढ झोपली आणि कळ जागी आहे. म्हणजे ओरडत होती ती, पण मारत होतं दुसरंच कुणी.” त्या घणकडे वळल्या. “बाबा, जरा पुढे वाक. बुटाची नाडी बांधताना वाकतोस तसा.”

तो वाकला आणि कण्हत गाल दाबून बसला. बाईंनी त्याचा हात बाजूला केला. दाढीच्या दाट केसांत, गालाच्या हाडाखाली, एक बारीक व्रण होता. त्यांनी अंगठा त्या व्रणावर ठेवून वर दाबला.

घण बैलासारखा डुरकला. त्याची बेडी घातलेली मनगटं खुर्चीच्या हातावर आदळली, खुर्चीचा तो हात मोडून जमिनीवर पडला, ट्रे उलटला आणि अवजारं खोलीभर उधळली. हवालदारानं काठी उगारली. बाई मध्ये उभ्या राहिल्या.

“काठी खाली. त्यानं कुणाला मारलेलं नाही. मी त्याला मारलंय.”

मोठी फिल्म लावून त्यांनी गालाचा फोटो काढला. तो धुऊन उजेडासमोर धरला. मग फौजदाराला एक्स-रेच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

दाढांच्या मुळांच्या वर, गालाच्या हाडात, एक पांढराशुभ्र तुकडा रुतून बसला होता. नखाएवढा, वर निमुळता आणि खाली तुटलेला. दाताचा नव्हे, हाडाचा नव्हे.

“लोखंड?” फौजदार म्हणाला.

“लोखंड. आणि त्याच्या कडा मोज.”

फौजदारानं मोजल्या. तीन होत्या.

३

बाईंनी घणला गुंगीची गोळी दिली आणि फौजदाराकडून वचन घेतलं, की दुसऱ्या दिवसापर्यंत कबुलीचं नाव काढायचं नाही आणि त्या तुकड्याबद्दल जिवंत माणसाशी बोलायचं नाही. हवालदाराशी नाही, बायकोशी नाही आणि घणशीसुद्धा नाही.

गोळी चढण्याआधी त्यांनी घणला व्रणाबद्दल विचारलं.

“तो भांडणातला,” तो म्हणाला. “मालकानं आरायंत्राची जाळी काढून टाकली होती. जाळीनं काम हळू होतं म्हणे. माझ्या भाच्याची बोटं गेली पात्यात. मी विचारायला गेलो, तर मालक हसला. म्हणाला, उरलीत की अजून. मग माझा हात आवरला नाही. ओंडक्यावर दाबून धरला त्याला. जीवच घेणार होतो, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात गालावर काहीतरी बसलं आणि अंधारी आली. यंत्र चालूच होतं. सगळे म्हणाले, ढलपी उडून लागली.”

“सगळे म्हणजे कोण?”

“धाकटे मालक म्हणाले. त्यांनीच जखम धुतली, पट्टी बांधली. देवमाणूस. मालकाचा सख्खा भाऊ, पण एकाच पोटी दोन तऱ्हा.”

हा देवमाणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून दवाखान्यात आला. मृताचा धाकटा भाऊ, वखारीतले सगळे त्याला धाकटे मालक म्हणत. अंगानं बारीक, बोलणं मऊ, हसताना ओठ मिटून हसायचा. खुर्चीचा मोडलेला हात बघून तो हळहळला.

“डॉक्टरबाई, त्याची दाढ काढली नाहीत म्हणे.”

“अजून नाही.”

“काढून टाका हो. हाल बघवत नाहीत.”

“तुमच्या सख्ख्या भावाला मारलंय त्यानं, असं म्हणतात.”

“मारलंच आहे. त्याची शिक्षा कायदा देईल. पण दुखणं ते दुखणं.” त्यानं मान खाली घातली. “याआधी दोनदा मीच नेलं होतं त्याला दातवाल्याकडे. शेजारी उभा राहिलो. रक्ताचा कापूससुद्धा मीच नेऊन टाकला. कामगार झाला म्हणून काय झालं?”

“इकडे का नाही आणलंत? इथं फोटो निघाला असता.”

“तो घाबरतो हो मशीनला,” धाकटे मालक म्हणाले आणि ओठ मिटून हसले.

पण बोलताना त्यांचा वरचा ओठ उचलला गेलाच. पुढचे चार दात बसवलेले होते. जुने, झिजलेले, बदलायला आलेले. माणसाचे दात गेल्यावर हाड आक्रसतं, आणि हे हाड इतकं आक्रसलं होतं की ते दात पोरवयातच गेले असणार. आणि चारही एकदम. बाईंनी हे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

“उद्या सकाळी काढते,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला इतकी काळजी आहे तर याल का? ओळखीचं माणूस जवळ असलं की बरं पडतं.”

“येतो की,” तो चटकन म्हणाला. जरा जास्तच चटकन.

४

दुपारी बाई फौजदाराला घेऊन वखारीत गेल्या. यंत्र बंद होतं. भुशावरचा डाग फावड्यानं काढला होता, तरी माशा तिथंच घोंगावत होत्या.

धार लावणारा म्हातारा एका पात्याशी बसला होता. उजव्या हातात कानशीची मूठ, डाव्या हाताच्या बोटांत तिचं पुढचं टोक.

“भांडण झालं तेव्हा तुम्ही कुठं होतात, आजोबा?” बाईंनी विचारलं.

“घणच्या पाठीला. दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला मिठी मारली आणि ओढलं. गाढवाला ओढावं तसं. मी ओढला तसा तो गर्रकन फिरला, हातातल्या मालकासकट. तेवढ्यात किंचाळला आणि पडला माझ्याच अंगावर. पंधरा दिवस बरगडी धरून होतो.”

“मालकाच्या हातात काही होतं?”

“त्याचे हात कुठले रिकामे? घणची मनगटं सोडवत होता.”

मालकीण वरच्या मजल्यावर राहायची. खिडकी थेट आवारात उघडत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि फौजदाराला तेच खटकलं.

“नवरा गेल्याचं फारसं दुःख दिसत नाही,” तो म्हणाला.

तिनं उजवा हात वर करायचा प्रयत्न केला. तो खांद्यापर्यंतही गेला नाही. “दाराच्या फटीत घालून मोडलाय. नीट बसलाच नाही. तेव्हा कुणी दुःख करायला आलं नव्हतं साहेब. आता मला घाई नाही.”

“भांडण पाहिलंत का?” बाईंनी मऊपणे विचारलं.

“याच खिडकीतून. म्हातारबाबांनी घणला मागून धरलं होतं. ह्यांनी त्याचे हात धरले होते. बाकीचे पळून यंत्रामागे. भावजी तेवढे धावले सोडवायला. ह्यांच्या मानेजवळ हात घातला त्यांनी. तेवढ्यात घण फिरला.”

“मानेजवळ? घणच्या?”

“नाही. ह्यांच्या.”

बाई जिना उतरून पुन्हा म्हाताऱ्याकडे आल्या. फौजदाराकडे जप्त केलेल्या कानशी होत्या. त्यांनी त्या म्हाताऱ्यासमोर फडक्यावर मांडायला लावल्या. एकीलाही अणी नव्हती.

“आजोबा, सगळ्यांची टोकं अशी का?”

“मीच मोडतो. नवी कानस आली की आधी टोक उडवायचं आणि धारेच्या चाकावर धरून गोल करायचं. नाहीतर या बोटांत घुसतं. बाकीच्या वखारीत लाकडी गुंडी लावतात. आमच्याकडे मोडतात. ही आमची खोड.”

“ही बघा बरं.” बाईंनी रक्ताची कानस पुढे सरकवली. तिलाही टोक नव्हतं. त्या ढिगात ती अगदी चार जणींतली एक वाटत होती.

म्हाताऱ्यानं ती डोळ्यांजवळ नेली आणि अंगठा टोकावरून फिरवला. मग भुवया वर गेल्या. “ही मी मोडलेली नाही. हिचं टोक चाकावर गेलेलंच नाही, खडबडीत आहे बघा. आणि हिनं करवत बघितलेलीच नाही. दात कोरे आहेत. माझ्या पेटीत ही आली कुठून?”

फौजदारानं बाईंना बाजूला घेतलं. “कळलं. म्हातारा बनाव करतोय. पेटी त्याची, कानस त्याची. त्यालाच उचलतो.”

“काल घण, आज म्हातारा. एकेक दाढ काढत चालला आहेस.”

“मग तुम्हीच सांगा.”

“हात मोज. आपण लहान मुलांना शिकवतो तसं. घणच्या गालात कानस गेली तेव्हा घणचे दोन्ही हात कुठं होते?”

“मालकाच्या गळ्यावर.”

“मालकाचे?”

“घणच्या मनगटांवर.”

“म्हाताऱ्याचे?”

“कमरेला.” फौजदार थांबला. वर खिडकीकडे बघून म्हणाला, “आणि मालकीण तिथं.”

“रिकामे हात एकाचेच होते. आणि ते घणच्या गालाकडे निघालेच नव्हते. ते निघाले होते मालकाच्या मानेकडे. दंगलीत मालक मेला असता तर नाव कुणाचं झालं असतं? त्याचा गळा धरणाऱ्याचं. पण म्हाताऱ्यानं ओढलं, घण फिरला आणि मालकावरचा वार त्यानं गालावर घेतला. कानस कडक असते, वाकत नाही. ती हाडात तुटली.”

फौजदाराचा चेहरा उतरला. ज्याला तो फासावर चढवायला निघाला होता, त्यानं मृताचा जीव एकदा न कळत वाचवला होता.

“नव्या कानशी कुठं असतात, आजोबा?” बाईंनी वळून विचारलं.

“धाकट्या मालकांच्या कपाटात. झिजलेली दाखवली की नवी देतात.”

फौजदार निघालाच होता. बाईंनी त्याची बाही धरली.

“कपाट कुणीही उघडलं, असं तो म्हणेल. मदतीला धावलो, असं म्हणेल. वकील तुला उभा चिरेल. पण ते टोक घणच्या गालात आहे, हे कुणाकुणाला ठाऊक आहे?”

“तुम्हाला आणि मला.”

“आणि ज्याच्या हातात तुटकी कानस उरली, त्याला. उद्या बघू तो काय शोधतो.”

५

सकाळी घण खुर्चीत पडला होता. डोळ्यांवर कापड, तोंडात बोळा, मनगटांत बेड्या. बाईंनी त्याला एवढंच सांगितलं होतं, की मी सांगेपर्यंत बोलायचं नाही. फौजदार आणि हवालदार एक्स-रेच्या खोलीत, दार किलकिलं ठेवून उभे होते.

धाकटे मालक आले.

“झालं,” बाई म्हणाल्या. “निघाली एकदाची. मूळ फार खोल होतं. बरंच काय काय आलं बरोबर. मी हात धुऊन येते, तोवर बसा त्याच्याजवळ.”

चकतीत एक उपटलेली दाढ ठेवलेली होती. आदल्या दिवशी आलेल्या एका म्हातारीची. शेजारी रक्तानं माखलेल्या कापसाचा ढीग. बाई आत गेल्या आणि फटीला डोळा लावून उभ्या राहिल्या.

धाकट्यानं आधी घणकडे पाहिलं. मग चकतीकडे. दाढ समोरच होती, पण तिच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानं कापूस उचलला. एक बोळा पिळला, दुसरा पिंजला, तिसरा बोटांत चुरून पाहिला. हात कोपरापर्यंत लाल झाले तरी तो थांबेना.

“काय शोधताय?” बाईंनी दारातून विचारलं.

“दाढ,” तो दचकून म्हणाला. “फेकून देतो म्हटलं. त्याला बघून भोवळ यायची.”

“दाढ तुमच्या समोर आहे.”

तो चकतीकडे बघत राहिला.

“तुम्ही शोधताय ते अजून त्याच्या गालात आहे.” बाईंनी फोटो उजेडासमोर धरला. “दोन्ही वेळा कापूस तुम्ही नेलात तो यासाठीच. दाढेबरोबर टोक निघेल, असं वाटलं. निघालं नाही. मग म्हाताऱ्याची खोड आठवली. त्याच्या सगळ्याच कानशी बिनटोकाच्या, त्यांत ही एक कुणाला कळणार? तिच्यानंच काम उरकलंत आणि पेटीत टाकलीत.”

मऊ बोलणारा तो माणूस एका क्षणात दुसराच झाला. ट्रेमधली टोकदार हत्यारं खळ्ळकन सांडली, आणि दाढेचं मूळ उचकटायचा पोलादी दांडा त्याच्या मुठीत आला. बाईंच्या डोळ्याच्या रोखानं तो सुटला. बाई मागे सरकल्या, पण मागे भिंत होती.

खुर्चीतून घण उठला. डोळ्यांवर कापड तसंच. फक्त आवाजाच्या दिशेनं बेड्यांसकट दोन्ही मुठी त्यानं फिरवल्या. लोखंड धाकट्याच्या तोंडावर बसलं. बसवलेले दात खळ्ळकन फरशीवर उडाले. दोघं औषधांच्या कपाटावर कोसळले, काचा फुटल्या, दांडा घणच्या दंडात मुठीपर्यंत घुसला आणि तरीही घणनं पकड सोडली नाही. फौजदार धावून येईतो त्यानं बेडीची साखळी त्या गळ्याभोवती आवळली होती.

“सोड,” बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “सोड बाबा. आता तरी खरंच कुणाला मारू नकोस.”

घणची बोटं सैल झाली.

धाकटा फरशीवर बसून राहिला. तोंडातून रक्त गळत होतं, आणि दातांवाचून त्याचा चेहरा म्हाताऱ्या पोरासारखा दिसत होता.

“हे चार दात दादानं पाडले,” तो बोबडं बोलला. “शाळेत होतो मी. विहिरीच्या कठड्यावर तोंड आपटलं. घरी सांगितलं, पडला. मीही तेच सांगितलं. जन्मभर तेच सांगत आलो. मग माझ्या लेकीच्या तोंडात मारली त्यानं. घरी आली आणि मला म्हणाली, बाबा, मी पडले. मी शिकवलं नव्हतं तिला. आपोआप आलं.”

बाईंनी फरशीवर पडलेले दात उचलून चकतीत ठेवले.

“तुमचं दुखणं खरं होतं,” मग त्या म्हणाल्या. “त्यासाठी दाद मागितली असतीत तर मी तुमच्या बाजूनं उभी राहिले असते. पण तुम्ही या माणसाचा गाल फोडलात, चांगल्या दोन दाढा उपटून घेतल्यात, आणि आता त्याला फासावर पाठवत होतात. त्यालाही घरी एक लेक आहे.”

हवालदारानं घणच्या हातातल्या बेड्या काढल्या आणि त्याच बेड्या दुसऱ्या मनगटांत घातल्या.

६

टोक मोठ्या इस्पितळातल्या सर्जननं काढलं. फौजदारानं ते रक्ताच्या कानशीला लावून पाहिलं. दोन्ही तुटके काठ असे बसले की मधे केसही जाऊ नये. तिसरी दाढ आपल्या जागी तशीच राहिली.

संध्याकाळच्या आत फौजदार इस्पितळात आला. घणचा जबाब हवा होता. या वेळी साक्षीदार म्हणून. खाटेवर घण उताणा पसरला होता. गालावर पट्टी, दंडावर पट्टी, तोंड अर्धवट उघडं. एवढ्या मोठ्यानं घोरत होता की खिडकीची काच थरथरत होती.

खाटेच्या कडेला त्याची बायको बसली होती. पायाशी लेक, बापाच्या तंगडीवर डोकं टेकून. फौजदारानं हातातली टोपी सारखी केली आणि घसा खाकरला.

“जरा उठवता का त्याला? दोन शब्द विचारायचे आहेत.”

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. पण माघारही नव्हती.

“झोपलाय तो,” ती म्हणाली. “उठला की विचारा.”

“कधी उठेल?”

“ते मी कसं सांगू साहेब? किती महिन्यांची राहिलेली झोप घेतोय ते तरी मला कुठं ठाऊक आहे?”

फौजदार काही म्हणणार होता. डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी बाहेरच्या बाकाकडे नुसती मान हलवली. फौजदार मुकाट्यानं गेला आणि टोपी मांडीवर ठेवून त्या बाकावर बसला. आतून घोरणं ऐकू येत होतं. त्यानं एकदा घड्याळाकडे पाहिलं, आणि मग घड्याळ काढून खिशात टाकलं.